आईचं टचिंग

बाबांचा कॉम्प्युटर वरचेवर बंद पडायला लागला, तेव्हा चिमीने आधी ते फारसं मनावर घेतलं नाही. वस्तू जुनी झाली की कुरकुर करणारच. ती स्वतः हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर मशीनशीच गाठ, आणि त्यातली निम्मी तिच्या नोकरीइतकीच जुनी. फोनवर तिने बाबांना तेच सांगितलं जे सगळे सगळ्यांना सांगतात, की बंद करा आणि परत चालू करा. बाबा म्हणाले, बंद तो आपला आपणच होतो, त्यासाठी मी कशाला हवा. पण बोलताना त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. मनासारखा पाहुणा येऊन गेल्यावर माणूस बोलतो तसे ते बोलत होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चिमी स्क्रू-ड्रायव्हरचा डबा घेऊन बाबांकडे गेली.

बाबांचं घर म्हणजे खाली स्टुडिओ आणि वर राहायच्या खोल्या. रस्त्याच्या बाजूला फोटो काढायची खोली होती, तिचं शटर आता कायमचं खाली. तिच्या मागे डार्करूम, आणि डार्करूमच्या पलीकडे एक चिंचोळी खोली, जिथे आई बसायची. चिमीचं लहानपण त्या खोलीत गेलं. आईपुढे उतरत्या फळीचं टेबल असे, फळीत दुधी काच, काचेखाली दिवा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवून आई सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग, वण, जागरणं पुसून काढायची. टचिंग म्हणत त्याला. खस… खस… खस… चिमी टेबलाखाली बसून तो आवाज ऐकत झोपी जायची. फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास तिला अजूनही कुठे आला तर क्षणभर आई आठवायची. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, की आमच्याकडे पासपोर्टचा फोटो काढलात तरी सुट्टीवर निघाल्यासारखे दिसाल. आई आतून मोठ्याने खोकायची. म्हणजे पुरे करा.

मग फिल्म गेली, कॉम्प्युटर आला. बाबा उतारवयात हौसेने शिकले. आईने मात्र त्याला कधी हात लावला नाही. हात एकीकडे आणि डोळे भलतीकडे, असलं काम माझ्याने व्हायचं नाही, म्हणाली. आई जाऊन आता काही वर्षं झाली होती. कॉम्प्युटर तिच्याच टेबलावर, दुधी काचेवर एक फळी टाकून ठेवलेला होता.

चिमीने डबा उघडला तशी तिला बाबांच्या हालचालीत एक अवघडलेपण दिसलं. चहा घे, जेवून मग बघ, प्रवासातून आली आहेस, असं त्यांचं चाललं होतं. पेशंटला आत न्यायची वेळ आली की नातेवाईक असेच घोटाळतात, हे तिला कामावरून चांगलं ठाऊक होतं.

सीपीयूचं झाकण काढलं तर आत धुळीच्या गाद्या. लेन्स साफ करायचा रबरी फुगा घेऊन तिने सगळं फुंकून काढलं. पंखा बोटाने फिरवून पाहिला. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि एक-एक करून परत बसवल्या. मशीन चालू केलं. गाणी लावली, सिनेमा लावला, मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावून ठेवला. दुपारपर्यंत मशीन शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. गरम नाही, आवाज नाही. फक्त हार्ड डिस्कमधून अधूनमधून बारीक टिक्‌टिक्‌ यायची, ती तिला आवडली नाही.

“नेमकं काय करत असता, तेव्हा बंद पडतो?” तिने विचारलं.

बाबांनी चहाचे कप गोळा केले. मग म्हणाले, “आपला उद्घाटनाचा फोटो लावलेला असतो.”

तो फोटो घरात एकच होता. स्टुडिओ उघडला त्या दिवशीचा. स्टुडिओच्या नव्याकोऱ्या पाटीखाली काळ्याभोर केसांचे बाबा, शेजारी आई, आईच्या कडेवर फ्रॉकमधली चिमी आणि बाजूला कोट घातलेले आजोबा. ओल लागून तो पार खराब झाला होता. बुरशीचे ठिपके, कागदाला भेगा, आणि एक मोठी भेग आईच्या बरोब्बर चेहऱ्यावरून गेलेली. बाबा तो स्कॅन करून थोडाथोडा दुरुस्त करत होते. मोठी फाइल, मशीनवर ताण येतो, म्हणून बंद पडत असेल, चिमीने हिशेब केला. दर वेळी केलेलं काम वाया जात असेल, तेही तिने म्हणून टाकलं.

“नाही गं,” बाबा म्हणाले. “काम वाया नाही जात.”

आणि ते वर जाऊन पडले.

चिमीने फोटो उघडला. शटर खाली असल्यामुळे दुपार असूनही खोलीत सावली होती. बाहेरून एखादी गाडी जाई, मग परत शांत. बराच वेळ काही झालं नाही. मॉनिटरवर कडेवरची लहान चिमी मोठ्या चिमीकडे बघत होती. तिच्या फ्रॉकवर एक फाट होती, खांद्यापासून घेरापर्यंत. बाबांचा हात अजून तिथवर पोचला नव्हता.

मग मशीन गेलं. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही. फुंकर मारून दिवा घालवावा तसं गेलं. पंखा थांबला. काळ्या काचेत चिमीला स्वतःचा चेहरा दिसला.

ती बटण दाबणार, इतक्यात तिला वास आला. हायपोचा. डार्करूममधली भांडी कधीच भंगारात गेली होती. तिने वळून पाहिलं, दार लावलेलं होतं. आणि मग अगदी जवळून, फळीखालच्या काचेवरून यावा तसा आवाज आला…

खस… खस… खस…

चिमी हलली नाही. नंतर ती सांगायची, की मला भीती वाटली नाही, म्हणजे लगेच नाही. आधी डोळे जड झाले. पुढे केलेला हात आपोआप मांडीवर आला, मान कलली, आणि टेबलाखाली जाऊन पाय पोटाशी घ्यावेत असं वाटायला लागलं. असं वाटलं हे ध्यानात आलं, तेव्हा अंगावर सरसरून काटा आला.

आवाज थांबला. मशीन आपलं आपण चालू झालं. फोटोच्या प्रोग्रॅमने नेहमीसारखं विचारलं, की मध्येच बंद पडलेली फाइल परत उघडू का? चिमीने हो म्हटलं.

फ्रॉकवरची फाट गेली होती.

तिने तो भाग मोठा करून पाहिला. बाबांचं काम तिला माहीत होतं. माऊसने डाग पुसला की कडा पसरट, गोल राहतात. इथे गोल काही नव्हतं. बारीक बारीक रेघा होत्या, स्वल्पविरामासारख्या, आणि सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या. आई डावखुरी होती.

ती वर गेली. बाबा जागेच होते. काही न विचारता त्यांनी सरकून तिला पलंगावर जागा दिली.

“पाहिलंस?”

“किती दिवस चाललंय हे?”

“आधी आजोबांचा कोट झाला. मला वाटलं मीच केला असेल, विसरलो असेन. मग पाटी झाली. मग माझे केस…” ते हसले. “केसांना तिने जरा जास्तच काळं केलंय.”

चिमीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. मग बाबांनी तिचा हात धरून सांगितलं, की तू कॉम्प्युटर दुरुस्त करू नकोस. तो बंद पडतो तेव्हा ती बसते. चालू असताना तिला जमत नाही. तिला ते यंत्र आवडत नव्हतंच.

पण दुरुस्त न करून चालणार नव्हतं. असं अचानक बंद पडून पडून डिस्क मरणार होती, आणि डिस्कवर स्टुडिओचा सारा जन्म होता. चिमीने परोपरीने समजावलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. शेवटी तीही हट्टी, त्यांचीच मुलगी. तिने फोटो नव्या डिस्कवर उतरवून घेतले, सीपीयू उचलला आणि चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला. त्याने पॉवर सप्लायचा डबा खोलून तिला आतले भाग दाखवले. काही डोक्यावर टेंगूळ आल्यासारखे फुगले होते. हेच कारण, म्हणाला, जास्त ताण आला की वीज तोडून टाकतो. चिमीचा जीव भांड्यात पडला. बंद पडायला कारण होतं. बाकीच्याला कारण होतं का, हे तिने त्याला विचारलं नाही.

नवा पॉवर सप्लाय बसवून ती संध्याकाळी मशीन परत घेऊन आली. बाबांनी फोटो उघडला. दोघंही बघत बसले. मशीन बंद पडलं नाही. तास गेला तरी नाही. रस्त्यावरचे दिवे लागले, आणि शटरच्या फटीतून त्यांच्या पट्ट्या फरशीवर पडल्या. बाबा एकदम म्हातारे दिसायला लागले.

फोटोत सगळं नीट झालं होतं. ठिपके गेले, भेगा गेल्या, आजोबांच्या कोटाची बटणंसुद्धा चमकत होती. उरली होती ती एकच भेग, आईच्या चेहऱ्यावरची.

“एवढं केलंन्‌, आणि स्वतःचं तेवढं ठेवलंन्‌,” चिमी म्हणाली.

बाबा पुढे वाकले. बराच वेळ त्या भेगेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “स्वतःचे फोटो ती कधीच करत नव्हती. तिचे मी करायचो.”

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि माऊस हातात घेतला.

त्यांना ते करायला महिनाभर लागला. चिमी फोन करायची तेव्हा आज भुवईपर्यंत आलो, आज ओठाशी आहे, असं सांगायचे. पूर्ण झाला तो फोटो त्यांनी कागदावर काढून वरच्या खोलीत लावला. त्यातली आई जरा वैतागलेली दिसायची, दोन मिनिटांत आवरा म्हणणारी, अगदी होती तशी. मशीन पुन्हा बंद पडलं नाही. बाबा नीट जेवू लागले, शेजाऱ्यांचे जुने फोटो दुरुस्त करून द्यायला लागले. चिमीला वाटलं, चला, सुखाने संपलं.

त्याच सुमारास चिमीने स्वतःचं घर घेतलं. ती एकटीच राहायची, त्यामुळे मोजकं सामान, दोन खोल्या. बाबा घर बघायला आले. त्यांनी सगळीकडे हिंडून, नळ सोडून, खिडक्या लावून पाहिल्या आणि तिला बाहेरच्या खोलीत नव्या खुर्चीवर बसवून मोबाईलवर तिचा फोटो काढला. घराच्या मालकिणीसारखी बस, म्हणाले.

काही दिवसांनी ती कामावरून येऊन, पाय वर घेऊन त्याच खुर्चीत बसली होती. बाहेर अजून उजेड होता. बाबांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, स्वारी खुशीत आहे.

“चिमे, आज बंद पडला.”

चिमी सावरून बसली. बाबांनी सांगितलं, की तुझा तो नव्या घरातला फोटो फ्रेम करायचा म्हणून उघडला, आणि बसलो होतो एवढ्यात मशीन गेलं. वास आला. परत चालू झालं तेव्हा फाइल उघडून पाहिली, तर हात तिचाच. कललेल्या रेघा. “इतक्या दिवसांनी आली, ती तुझ्यासाठी बघ. पण काय केलंन्‌ ते मला सापडत नाहीये. नवाकोरा फोटो, त्यात दुरुस्त करायला होतं काय? चेहऱ्याला तर हातसुद्धा लावलेला नाही. तुझे डोळे तरुण आहेत, दोन्ही पाठवलेत, जरा शोधून दे.”

फोन चालू ठेवूनच चिमीने दोन्ही फोटो उघडले. आधी आईने हात फिरवलेला पाहिला. खुर्चीत ती, अवघडून हसणारी. मागे भिंत, भिंतीत आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं. दाराची कड वरपासून खालपर्यंत स्वच्छ, लाकडाच्या रेषा एकीला एक जुळवून नेलेल्या. कुठे काही खुपणारं नव्हतं.

मग तिने बाबांनी काढलेला पाहिला. चेहरा तोच. हसू तेच. भिंत तीच.

दाराच्या कडेवर, कडीच्या जरा वर, चार बोटं होती. आतून धरलेली.

त्या दिवशी घरात ती दोघंच होती, आणि बाबा तिच्या समोर उभे होते.

“सापडलं का गं?” बाबा विचारत होते.

चिमीने मान वळवली नाही. तिच्या मागे आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सकाळी जाताना ते लावून घेतलं होतं की नाही, हे तिला काही केल्या आठवेना.

“बाबा…” ती अगदी हळू म्हणाली. “फोन ठेवू नका.”