डावीकडचा बाण

"काम सुटलं की थेट डोंगर! सूर्य बुडताना माथ्यावर, अंधार पडायच्या आत खाली. ठरलं!" रोहेलिओमामाने टेबलावर थाप मारली.

"आणि पाणी?" हिमेनाने विचारलं.

"एकेक बाटली बास! टूसॉनच्या वाळवंटात जन्मलीस ना गं तू? की बर्फात?"

तिचा धाकटा भाऊ नाचो फिदीफिदी हसला. हिमेनाला मात्र हसू आलं नाही. जूनमध्ये इथले दगड संध्याकाळीही तव्यासारखे तापलेले असतात. तिने आणि मामाच्या मुलीने, आरासेलीने, गुपचूप आपल्या सॅका पाण्याच्या बाटल्यांनी भरल्या.

मामा फरश्यांच्या दुकानातून आला तो घामाघूम होऊनच. उंच निवडुंगांमधून चौघं चढू लागले. पहिल्याच वळणावर मामाची बाटली रिकामी झाली!

पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. खांबावरचा बाण डावीकडे होता.

"थांबा पपा!" आरासेली खांबापाशी बसली. "मागच्या वेळी आपण उजवीकडे गेलो होतो. आणि ही माती बघा, फक्त इथेच भुसभुशीत! कुणीतरी खांब उपटून परत रोवलाय."

"उंदरांनी उकरली असेल. चल!"

हिमेना धुळीतल्या बुटांच्या ठशांकडे बघत होती. दोन माणसं डावीकडे गेली होती. एकाच्या हातात काठी असावी. परत येणारा ठसा एकही नव्हता.

"मामा, कुणीतरी आत अडकलंय!"

"दुसरीकडून उतरले असतील. सूर्य थांबतोय का आपल्यासाठी?"

मामाने डावीकडे पाऊल टाकलं. हिमेनाने नाचोला डोळा घातला.

"आई गं! पोट!" नाचो धुळीत गडाबडा लोळू लागला.

"किती बुरिटो हाणलेस रे?" मामा धावत मागे आला.

तेवढ्यात आरासेली मामाचा फोन घेऊन रेंजसाठी खडकावर चढली. हिमेना एकटीच डावीकडच्या वळणापर्यंत गेली.

"कुणी आहे का?"

काहीच नाही. मग पायाजवळच्या झुडपातून खुळखुळ्यासारखा आवाज आला. साप! हिमेना जागीच थिजली. छाती इतकी धडधडत होती, की सापालाही ऐकू जाईल असं तिला वाटलं. साप सरपटत दूर गेला, आणि त्या शांततेत खालून क्षीण हाक आली.

"पाणी..."

"मामा!"

मामा धावला. त्याच्यामागे पोटदुखी विसरून नाचोही! वाट एका कड्यावर संपत होती. खालच्या अरुंद कपारीत एक आजी-आजोबा घसरून पडले होते. आजोबांचा पाय सुजला होता. मामाने मटकन खालीच बसकण मारली. "दोन पावलं पुढे गेलो असतो तर..."

"पपा, फोन लागला! मदतीला माणसं निघालीत!" आरासेली ओरडली. मुलींनी सॅकांचे पट्टे एकमेकांना बांधून बाटल्या खाली सोडल्या.

काळोख दाटत असताना दोर घेऊन माणसं आली. त्यांच्यासोबत आलेल्या, डोंगराची राखण करणाऱ्या बाईंनी फोनाफोनी केली, तेव्हा उलगडा झाला. सकाळी जाहिरातीचे फोटो काढणाऱ्यांना खांब मध्ये येत होता. त्यांनी तो उपटला आणि जाताना कसाही खुपसून दिला!

"मोठ्या माणसांच्या नजरेतून निसटलेलं तुम्ही पाहिलंत. शाबास!" बाई म्हणाल्या.

"माझ्या तर अगदी नाकासमोर होतं," मामा पुटपुटला.

स्ट्रेचरजवळ आजींनी हिमेनाचा हात घट्ट धरला. त्यांचे ओठ फुटले होते.

"पोरी, तुझा आवाज आला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा आम्ही हाका मारणं सोडून दिलं होतं गं."