विया सिस्नेरोसचा नळ

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मीही हसले असते.

पण त्या दुपारी कुवेतमध्ये, एगैलातल्या ताईच्या फ्लॅटमध्ये मी स्वतः होते. गेल्या वर्षीचा ऑगस्ट. बाहेर नुसती धूळ. चौथ्या मजल्यावर आम्ही तिघंच... निदान तसं वाटत होतं.

शामलाताई माझी मोठी बहीण. तेव्हा तिला आठवा महिना होता. मी जवळच्याच क्लिनिकमध्ये सोनोग्राफी करते.

आणि तिचा नवरा, विश्वास भावोजी. आहेत डॉक्टर, पण स्वतःला इतिहासकार समजतात.

राई भागातल्या शुक्रवारच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक जुना पितळी नळ आणला होता. सहाराच्या किनाऱ्यावर विया सिस्नेरोस नावाचं स्पॅनिश ठाणं होतं, तिथल्या टाकीचा, असं विकणारा म्हणाला. भावोजींनी तो हॉलच्या भिंतीवर ठोकला. मागे पाइप नाही, काही नाही. नुसता मिरवायला.

येईल त्याला व्याख्यान. "वाळवंटात गोडं पाणी नाही! स्पेनने कॅनरी बेटांवरून बोटींनी आणलं. याला म्हणतात राज्य करणं. आधी सैनिक, नंतर बाकीचे, पत्र्याचे मग घेऊन रांगेत. शिस्त!"

बाकीचे म्हणजे ज्यांची ती जमीन होती ते. हे मात्र ते सांगत नसत.

वर घरात नियम. व्याख्यान संपेपर्यंत पाहुण्याला पाणी द्यायचं नाही. माणूस कुवेतच्या उन्हातून आलेला, घसा कोरडा, आणि हे महाशय सनावळ्या सांगतायत. मराठी घरात! मला किळस यायची त्यांची.

"पंच्याहत्तर-शहात्तरला स्पॅनिश तिथून निघाले," त्या दुपारी ते कौतुकाने म्हणाले, "तेव्हा कबरी उकरून आपले मेलेलेसुद्धा बोटीने नेले. केवढी काळजी आपल्या माणसांची!"

"आणि तिथले जिवंत?"

"ते त्यांचं बघतील."

तेवढ्यात... टण्.

पत्र्याच्या मगावर मग आपटावा तसा आवाज. दाराबाहेर.

मी दार उघडलं. कुणीच नाही.

ताई पाणी प्यायला फ्रिजकडे गेली. बाटली रिकामी. दुसरी सीलबंद होती... तीही रिकामी.

तुळशीला सकाळीच पाणी घातलेलं. कुंडीतली माती भेगाळली होती.

ताईने पोटावर हात ठेवला. "सुखदा... बाळ हलत नाहीये गं."

मी तिला तशीच क्लिनिकवर नेलं. स्क्रीन पाहिला. बाळाभोवतीचं पाणी जवळपास संपलं होतं. मागच्या आठवड्यात मीच तपासलं होतं, व्यवस्थित होतं.

"ताबडतोब हॉस्पिटल," आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "बाळाचा भरवसा नाही."

फाइल घ्यायला घरी आलो. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं, आणि...

दारासमोरच्या धुळीत गोल ठसे होते. पत्र्याचे मग टेकवल्यासारखे. एकामागे एक... दारापासून थेट जिन्याने खाली.

रांग होती ती.

ताईने आत जाऊन तांब्या भरून आणला. स्वयंपाकघरातल्या नळाला जेमतेम धार होती.

"शामला, हा काय अडाणीपणा!" भावोजी ओरडले. "डॉक्टरची बायको ना तू?"

"हो. आणि दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, एवढंही माझ्या डॉक्टर नवऱ्याला कळत नाही."

तिने भांडं भरून उंबऱ्यावर ठेवलं. "घ्या. आधी तुम्ही."

भांड्यातलं पाणी... हळूहळू खाली गेलं.

तिने परत भरलं. परत रिकामं. मी आतून तांबे आणत राहिले. आत नळाची धार वाढत होती. बाहेर टण्... टण्... एकेक पायरी खाली उतरत होतं. मग सगळं शांत झालं.

हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासलं. पाणी पुरेसं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, तुमचं मशीन बिघडलंय.

मशीन बिघडलेलं नव्हतं.

भावोजींनी तो नळ फेकला असेल असं वाटतं? छे. एका डॉक्टरमित्राला भेट दिला, व्याख्यानासकट. असा हा माणूस.

ताईचा आशय आता आठ महिन्यांचा आहे. ठणठणीत. रडला की अख्खी बिल्डिंग ऐकते.

फक्त... त्याचे डोळे कोरडे असतात. एक थेंबही येत नाही. तपासण्या झाल्या, कुठे दोष सापडला नाही.

तो रडू लागला की विश्वास भावोजी मुकाट्याने उठतात आणि भरलेलं भांडं दाराबाहेर ठेवतात.

परवा मी तिथे होते. ते भांडं आत आणायला त्यांनी मला सांगितलं. दाराबाहेर टण्... टण्... चालूच होतं.

मी गेले नाही.