नळावरचा वहीवाला

हंडा कमरेवर घेऊन चंद्रभागा नळावर आली, तर रांगेच्या टोकाशी एक अनोळखी तरुण उभा! हातात वही, नजर मनगटावरच्या घड्याळावर. तिचा हंडा भरला आणि त्यानं काहीतरी टिपून घेतलं.

"काय लिहिलंत?" तिनं दरडावलं.

तो चपापला. "साडेसहा मिनिटं... म्हणजे, हंडा भरायला."

"बायकांच्या रांगेत घड्याळ घेऊन उभं राहायचं, हे कुठलं काम?"

"पाहणीचं. पाणी, संडास, शाळा... सगळ्याचा अहवाल नगरपालिकेच्या समितीपुढे जाणार आहे. मी रंगनाथ. मनमाडचा."

साल एकोणऐंशी. गंगापूर रोडमागच्या त्या बौद्ध वस्तीत एकशेवीस घरं आणि दोन नळ. दोन वर्षांपूर्वी असाच एक वहीवाला गोड बोलून नावं लिहून घेऊन गेला होता, आणि महिन्याभरात नाल्याकडची वीस घरं पाडली गेली. एक तिच्या मावशीचं.

मग ती शिकवायची ती बालवाडी सुटली की चंद्रभागा त्याच्यावर नजर ठेवू लागली. तो कुठं जातो, कुणाशी बोलतो, हसताना खाली का बघतो...

एका दुपारी तो तिच्याच उंबऱ्याशी येऊन बसला. आईनं, धोंडाबाईनं, चहा दिला.

"शिक्षण?" त्यानं छापील कागद काढून विचारलं.

"मॅट्रिक."

"लग्न?" त्याचे कान लाल झाले.

"हा प्रश्न कागदावर आहे?"

"आहे... बघा."

तिनं कागद ओढून घेतला. प्रश्न खरंच होता.

"कागदावर नसता तरी विचारला असता," तो पुटपुटला.

तिनं कागद त्याच्या हातात परत कोंबला. तो गेल्यावर आई म्हणाली, "पोरगं लय साधं हाय गं."

"दोन वर्षांपूर्वीचा तोही साधाच होता, आई!"

चार दिवसांनी तो समितीच्या साहेबांच्या जीपमधून उतरताना तिला दिसला. बस्स! तिनं घरोघर सांगितलं — दारं लावून घ्या. रंगनाथ गल्लीभर फिरला. शेवटी तिच्या दाराशी थांबला.

"निदान कारण तरी सांगा..."

आतून कडीला हात लावून ती उभी राहिली. कडी काढली नाही.

समितीच्या बैठकीला मात्र ती वस्तीतल्या दोन बायकांना घेऊन गेली, मागच्या बाकावर बसली. रंगनाथ वाचत होता — नळ दोन, रांग तीन तास, पाण्यापायी मुलींची शाळा बुडते...

साहेबांनी त्याला मध्येच अडवलं. "या तक्रारी कुणाच्या? नावं द्या."

चंद्रभागेला नाल्याकडची वीस घरं आठवली.

"नावं मी लिहिलीच नाहीत," रंगनाथ म्हणाला. "आठवतात, ती सांगणार नाही."

"मग हे काम तुमच्याकडे राहणार नाही."

"नाही राहिलं तरी चालेल, साहेब." त्याचा आवाज कापत होता, पण पुढचं पान त्यानं वाचलंच.

बाहेर पायरीवर तिनं त्याला गाठलं.

"त्या दिवशी जीपमधून...?"

"अहवाल मवाळ करा म्हणून साहेब समजावत होते. मी नाही म्हटलं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दार कुठं उघडलंत?"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "चुकले मी. संशयापायी इतके दिवस तुमच्यावर नजर ठेवली..."

"आणि आता?"

"संशय गेला," ती हळूच म्हणाली. "नजर... नजर काही हटत नाही."