तिसाव्या माशातला ठिपका

डॉक्टरांनी आईच्या छातीतली गाठ काढली होती. जखमही भरत आली होती. तरी आईला औषध घ्यायला दर आठवड्याला दवाखान्यात का जावं लागतं, हे कोडं दहा वर्षांच्या शाल्मलीला काही केल्या सुटेना. शेवटी २०५१ च्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिने आजोबांची प्रयोगशाळा गाठली.

आबा तिला एका अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. तिथे निळसर उजेडात काचेच्या दोन पेट्या होत्या. आत भाताच्या शिताहूनही बारीक मासे तरंगत होते. त्यांची अंगं आरपार दिसत होती आणि प्रत्येकाच्या पोटात हिरवा ठिपका लुकलुकत होता. जणू आभाळच पाण्यात उतरलं होतं.

"या कर्कपेशी, म्हणजे कर्करोगाच्या बेलगाम वाढणाऱ्या पेशी. दिसाव्यात म्हणून आम्ही त्यांना चमकतं केलंय," आबा म्हणाले. "गाठ एका जागी असली तर कापता येते. पण काही पेशी गुपचूप रक्तात शिरतात आणि दूर जाऊन बिऱ्हाड थाटतात. हाच कर्कप्रसार."

"आईच्याही पळाल्या असतील?"

"असतील, नसतील. म्हणून तर ते औषध. इथे आम्ही पेशींची वाटच अडवणारं नवं औषध तपासतोय. एका पेटीत ते आहे, दुसरीत नुसतं पाणी."

"कुठल्या पेटीत?"

"मलाही ठाऊक नाही, फक्त संगणकाला माहीत. एकदा कळलं की डोळे हवं तेच बघतात गं."

यांत्रिक हात गुंगी दिलेला एकेक मासा अलगद भिंगाखाली आणू लागला. शाल्मली मोजत होती. पहिल्या पेटीतल्या तिसांपैकी बावीस माशांत ठिपके शेपटीपर्यंत पसरले होते. दुसऱ्या पेटीत एकोणतीस मासे झाले, तरी एकातही नाही! औषध इथेच असणार!

मग तिसावा मासा आला. शेपटीपाशी अगदी पुसट, हिरवं काहीतरी होतं. शाल्मलीला आईचा चेहरा आठवला. हा मोजलाच नाही तर कुणाला कळणार होतं?

"दुसरी पेटी... एक," ती हळूच म्हणाली.

संगणकाने उत्तर उघडलं. औषध दुसऱ्या पेटीतच होतं.

"मी नसतं सांगितलं तर सगळे वाचले असते," ती म्हणाली.

"कागदावर वाचले असते," आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता उंदरांवर तपासायचं, मग माणसांवर. बरीच वर्षं जातील. पण या एका माशात पेशींनी वाट कशी काढली, ते कळलं तर औषध आणखी पक्कं होईल."

शाल्मलीने डोळे पुसले आणि स्टूल भिंगाजवळ ओढलं.

"मग आधी हाच बघू, आबा."