अकरा मिनिटं

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडलंय, आणि माझ्याच हातून. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, भर दुपारी. खोलीत लख्ख ऊन होतं.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांचा जुना कॉम्प्युटर ताई रोज दुपारी लावून बसायची. सुरू व्हायलाच अकरा मिनिटं!

"अगं, तेवढ्यात माणूस जेवून उठेल. थांब, पळवतो त्याला."

"राहू दे रे. मला कुठे घाई आहे?"

पण सुताराला डुगडुगतं टेबल बघवत नाही, तसं माझं. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी बटण दाबलं.

स्क्रीन काळी. मग...

टक... टक टक... टक.

भाऊजी दोन बोटांनी टाइप करायचे. अगदी तसंच.

कीबोर्ड तर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेला होता.

हार्ड डिस्क वाजत असेल, म्हटलं. मग आठवलं... जुनी डिस्क मीच बदलली होती. नवीत फिरणारं काही नसतंच.

अकराव्या मिनिटाला आवाज थांबला आणि स्क्रीन उजळली.

आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. सगळ्यात वर एक ओळ. नाव नाही, कंपनी नाही. सगळी मेमरी तीच खात होती.

अशा ओळी मी दिवसाला दहा उडवतो. उडवली.

पुन्हा चालू केला. अठरा सेकंद!

"ताई, बघ! घोडा झालाय नुसता!"

ती चहाचे तीन कप घेऊन आली. तिसरा भाऊजींच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मग स्क्रीन बघितली आणि तिचा चेहराच उतरला.

"इतक्यात झाला? आणि... ते?"

"ते कोण?"

"सुरू होईपर्यंत माझ्याजवळ बसतात रे ते."

मी धावत यादी उघडली. ती ओळ नव्हती. उडवलेल्यांतही नव्हती.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुला एवढं येतं," ती हळूच म्हणाली, "पहिल्यासारखा करून देशील?"

तेव्हापासून रोज दुपारी जातोय. नको नको ते प्रोग्रॅम कोंबले. काल मोजून अकरा मिनिटं लागली. ताई खुर्चीकडे वळून बसली होती.

काहीच वाजलं नाही.

"जाऊ दे," तीच मला म्हणाली. "तू तरी किती करशील?"

ते कोण होतं, मला माहीत नाही. पण माझ्या बहिणीजवळ रोज कुणीतरी येऊन बसायचं... आणि त्याला मीच उठवून लावलं.