बोर्डाचे मेंबर येणार होते

सावरगव्हाणच्या पोस्टात पोस्टमास्तर केशवराव उताणे पडले होते. कपाळ आत दबलं होतं. पार्सल तोलायचं लोखंडी वजन रक्तानं माखून टेबलाखाली घरंगळलं होतं. दुपारचा चहा घेऊन आलेल्या बायकोनं, बेबीताईनं, त्यांना तसं पाहिलं आणि तिच्या किंकाळीनं अर्धं गाव गोळा झालं.

तिवसा ठाण्याची फौजदार नगमा देशमुख पोचली, तोवर गावानं खुनी ठरवूनही टाकला होता. देवीदास. फाट्यापलीकडच्या खैरपाणीचा सरपंच.

कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. कापसानं लागोपाठ दगा दिल्यापासून सावरगव्हाण रिकामं होत चाललं होतं. घरांना कुलपं लागली, टपाल आटलं. दिल्लीत टपाल खात्याचं बोर्ड बसतं. वर अध्यक्ष, खाली एकेक काम वाटून घेतलेले मेंबर. इथलं पोस्ट उचलून खैरपाणीला न्यायचा प्रस्ताव त्या बोर्डापुढे होता. त्यावरून दोन गावं भिडली. पोळ्याला दगडफेक झाली आणि खैरपाणीच्या एका लहान पोरीचा डोळा गेला. अखेर बोर्डानं ठरवलं, एक मेंबर प्रत्यक्ष जाऊन पोस्टमास्तरचं ऐकेल, मगच निर्णय. उद्या तिवस्याच्या विश्रामगृहात ती भेट व्हायची होती. चावडीवर फलक लागला होता : ‘मेंबर साहेबांचे स्वागत’.

नगमानं खोली न्याहाळली. काउंटरचं फळकूट मोडलेलं नव्हतं. केशवरावांच्या खुर्चीशेजारी, काउंटरच्या आत, दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

टेबलावरचा फोन वाजला. अमरावतीचे डाक अधीक्षक होते. नगमानं त्यांना खून झाल्याचं सांगितलं.

“आत्ता दुपारीच बोललो हो त्यांच्याशी. यायचे ते मेंबर आजारी पडले. त्यांच्या जागी नियोजनाच्या मेंबर मॅडम येतायत, तेवढं कळवलं. गावाला सांगून टाका म्हटलं, तर म्हणाले, संध्याकाळी सांगतो.”

“आणखी कोणाला कळवलंत?”

“या भागात कोणालाच नाही.”

नगमानं फोन ठेवला आणि बाहेर कोणाला काही सांगितलं नाही. तिनं महादेवरावांना बोलावलं. पोस्ट बचाव समितीचे ते अध्यक्ष. उपोषणं केली, मोर्चे नेले; त्यांच्या शब्दावर गाव उठायचं. ते आले तेव्हा केस ओले होते.

“दुपारी कुठे होता?”

“वावरात. मोटार दुरुस्त करून राहिलो होतो. चिखलानं भरलो, म्हनून आंघोळ केली.”

“पोस्टात गेला होता?”

“आज पाय नाही ठेवला. काय बोलाचं थे कालच ठरलं होतं आमचं.”

“मग मारलं कोणी?”

“देवीदासनं. अजून कोन? केशवचे हात तोडीन म्हने, चारचौघात बोलला थो. उद्या मेंबर तिवस्याले आल्या असत्या, केशवनं दोन शबद सांगतले असते, तं आपलं पोस्ट वाचलं असतं. थेच थ्याले नको होतं.”

नगमानं मान डोलावली आणि त्यांना जाऊ दिलं.

बेबीताई घराच्या ओट्यावर बसली होती. डोळे कोरडे.

“ताई, मास्तर उद्या काय सांगणार होते?”

“पोस्ट फाट्यावर न्या म्हनून. दोन्ही गावाच्या मधात. त्या पोरीचा डोळा गेल्यापासून थे झोपत नव्हते. समितीले आजच सांगतो म्हनत.”

तेवढ्यात हवालदार वाहेद धावत आला. “मॅडम, लोक निघाले. रॉकेल घेऊन. खैरपाणीकडं.”

नगमानं जीप फाट्याच्या रस्त्यावर आडवी घातली. समोरून लाठ्या, कुऱ्हाडी, कॅन. पुढे महादेवराव.

“बाजूले व्हा, फौजदार बाई.”

“होते. आधी एक सांगा. उद्या दिल्लीहून कोण येणार होतं?”

“मेंबर साहेब,” मागून कोणीतरी ओरडलं. “साऱ्यायले मालूम हाय.”

“साऱ्यांना साहेब येणार एवढंच माहीत आहे. फलकावरही तेच. पण महादेवराव मघाशी मला म्हणाले, मेंबर आल्या असत्या. आले नाही, आल्या. साहेबांच्या जागी मॅडम येणार, हे आज दुपारी फोनवर कळलं. एकट्या केशवरावांना. त्यानंतर ते जिवंत असताना जो त्यांच्यापाशी बसला, त्यालाच ते ठाऊक असणार. आणि तो बसला काउंटरच्या आत, शेजारच्या खुर्चीत. हात तोडीन म्हणणाऱ्या देवीदासला तिथे कोणी खुर्ची दिली असती का? ती मित्राला दिली. मित्रानं ऐकलं, की मास्तर उद्या समितीविरुद्ध बोलणार. आणि हाताशी वजन होतं. आंघोळ चिखलाची नव्हती, महादेवराव.”

सगळे महादेवरावांकडे वळले.

“थो मले म्हने, महादेव, आता पुरे झालं.” महादेवराव म्हणाले. “मी अन्न सोडलं या गावासाठी. एस्टी गेली, शाळा गेली. अन् हा म्हने, पुरे झालं.”

त्यांनी लाठी उगारली. ती नगमाच्या खांद्यावर बसली, हाड कडकन वाजलं. वाहेदनं त्यांना खाली पाडलं. तोच गर्दी उसळली, आता त्यांच्यावरच. पहिली लाठी तोंडावर पडली, दुसरी बरगडीवर. रक्त मातीत सांडलं. नगमा एका हातानं रेटत त्यांच्या अंगावर आडवी झाली. तिच्या पाठीवरही वार आला.

“मारा,” बेबीताईचा आवाज आला. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली होती. “इथं उरकलं की खैरपाणीले जा. त्या पोरीचा एक डोळा अजून शाबूत हाय.”

लाठ्या खाली आल्या. एकदम नाही, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी तिवस्याच्या विश्रामगृहात मेंबर मॅडमसमोर गावातून एकटी बेबीताई गेली. हात गळ्यात बांधलेली नगमा दाराशी उभी होती. फाट्यावरच्या पोस्टाचं सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “मी एकटी काही ठरवू शकत नाही. बोर्डात सगळे बसून ठरवतात. मी तुमचं म्हणणं तिथे मांडेन.”

“माहं नका मांडू,” बेबीताई म्हणाली. “पोस्टमास्तरचं म्हनून मांडा. तुमी त्यायचंच ऐकाले आल्या होत्या.”