वाक्यात उपयोग करा

"जिवाची घालमेल होणे," डॉ. वैजयंती सोहोनींनी वाचलं.

"खूप अस्वस्थ वाटणे," समोरच्या खुर्चीतले गिरिधरराव म्हणाले. "वाक्यात उपयोग: लेक वेळेवर घरी न आल्याने आईच्या जिवाची घालमेल झाली."

उत्तर अचूक होतं. वैजयंतीबाईंना मात्र रडू आवरेना. ही चाचणी त्यांनीच बनवली होती, आणि खुर्चीतला रुग्ण त्यांचा नवरा होता.

गिरिधररावांच्या गालातल्या एका मज्जातंतूने त्यांना वर्षानुवर्षं छळलं होतं. वाऱ्याची झुळूक लागली तरी माणूस भिंतीला कपाळ टेकून कण्हत उभा राही. म्हणून बाईंनी 'वेदनाबांध' घडवला. मेंदूच्या ज्या भागात दुखणं जाणवतं, त्यालाच बांध घालणारी तांदळाच्या दाण्याएवढी चकती. दुखणं थांबलं. गिरिधरराव दाढी करताना शीळ घालू लागले आणि सगळ्या संशोधन केंद्राने पेढे खाल्ले.

मग गेल्या आठवड्यात त्यांची लेक रेवा माहेरी आली. तिचं मूल पोटातच गेलं होतं. बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "बाबा, आतडं तुटतंय हो." बाबांनी तिला त्या शब्दांचा अर्थ सांगितला. रेवा त्याच संध्याकाळी परत गेली. आता फोन उचलत नाही.

"मॅडम, चूक आपल्या सगळ्यांचीच," बाईंचे सहकारी डॉ. हबीब मुजावर म्हणाले. "शब्दांचा अर्थ मेंदूच्या एका भागाला कळतो, पण तो जाणवतो दुखण्याच्याच भागात. दुसऱ्याच्या दुःखासाठी मेंदूने वेगळी खोली बांधलेली नाही. आणि आपण तपासलं काय, तर शाळेत तपासतात तेच. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. सगळ्या रुग्णांना पैकीच्या पैकी."

"मग काढा ती चकती."

"पेशींत मुरलीय. ओढली तर वाचा जाईल. ती बंद करायची किल्ली सरांकडेच आहे, तुम्हीच तशी ठेवलीत."

खरंच होतं ते. नातेवाइकांनी स्वतःच्या सोयीसाठी रुग्णाचं दुखणं परत आणू नये, म्हणून बाईंनीच ही अट घातली होती. नुसतं तोंडाने म्हणून चालत नसे. रुग्णाला आतून काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, तरच चकती बंद होई.

"अहो," बाई म्हणाल्या, "रेवासाठी तुम्हाला हे परत हवंय ना?"

"तू म्हणतेस तर हवंय," गिरिधरराव म्हणाले. माणूस मुळात भला. त्यांच्या मेंदूची हालचाल दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. "पुन्हा म्हणू?"

"सर, नुसतं म्हणून भागणार नाही. हरवल्यासारखं वाटायला हवं."

"ते मेंदूत कुठे वाटतं?"

मुजावरांनी पडद्यावरच्या मेंदूच्या चित्रातल्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. बांधामागच्या त्या काळ्या ठिपक्यातच वाटतं. दुसरी जागा नाही. स्वतः घातलेलं कुलूप, किल्ली आतच राहिलेली, आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गिरिधररावांनी बायकोचा चेहरा बराच वेळ निरखला आणि खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"डोळ्यांत पाणी आहे तुझ्या. म्हणजे तुला माझ्यामुळे फार वाईट वाटतंय. बरोबर?"

"बरोबर," वैजयंतीबाई म्हणाल्या.

गिरिधरराव हसले. उत्तर बरोबर आल्याचा आनंद त्यांना मनापासून झाला होता. त्या भागाला बांध नव्हता.